जानेवारीत संकल्प, मार्चमध्ये तेच रेटिंग: अडकलेल्या हौशी बुद्धिबळपटूची तपासणी

रेटिंग, म्हणजे खेळाडूची ताकद सांगणारा आकडा, एकाच जागी अडकण्याचा हा बिघाड साधारण १२०० ते १७०० रेटिंगच्या खेळाडूंत सर्वाधिक सापडतो. दर ३१ डिसेंबरला "यंदा २०० गुण वाढवायचेच" असं ठरतं, नवा कोर्स विकत घेतला जातो आणि होळीपर्यंत आकडा होता तिथेच परत येतो. दरवर्षी औषध बदलतं, पण रोग कुणी तपासत नाही.

लक्षणं

- वर्षभर रेटिंग त्याच ६०-७० गुणांच्या पट्ट्यात वरखाली होतं.
- पझलचं (मांडलेल्या स्थितीत योग्य चाल शोधायच्या कोड्यांचं) रेटिंग डावाच्या रेटिंगपेक्षा कितीतरी वर, पण तीच टॅक्टिक (मोहरा मिळवून देणारी दोन-तीन चालींची युक्ती) डावात समोर आली की दिसत नाही.
- पहिल्या बारा चाली बिनचूक, आणि विसाव्या चालीच्या आसपास एक मोहरा फुकट.
- घड्याळात निम्मा वेळ शिल्लक असताना पराभव.
- एक प्यादं जास्त असलेले डाव बरोबरीत सुटतात, कधीकधी हरतातही.
- हरल्यावर लगेच "अजून एकच". रात्री साडेअकराला उघडलेलं ॲप दीडला बंद होतं.
- गेल्या जानेवारीत घेतलेला ओपनिंगचा (डावाच्या सुरुवातीच्या चालींचा) कोर्स पहिल्या तीन प्रकरणांवर थांबलेला आहे.

यातली तीन लक्षणं जुळली तर खालच्या तपासण्या क्रमानेच करा. पहिल्या काहींना पैसे लागत नाहीत आणि बहुतेकांचा दोष तिथेच सापडतो. सरळ ओपनिंगपासून सुरुवात करण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, म्हणून ती मुद्दाम खाली ठेवली आहे.

१. आकडा खरंच अडकला आहे का? (१५ मिनिटं, खर्च शून्य)

आधी मोजपट्टी तपासा. लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटवर नवं खातं १५०० पासून सुरू होतं. चेस डॉट कॉम या दुसऱ्या साइटची पट्टी वेगळी आणि फिडेची (जागतिक बुद्धिबळ संघटनेची) त्याहून वेगळी. एका ठिकाणचा आकडा दुसरीकडच्या आकड्याशी ताडून पाहणं म्हणजे किलोची तुलना लिटरशी करणं. ब्लिट्झ (तीन-पाच मिनिटांचे डाव) आणि रॅपिडचंही (त्याहून लांब, दहा-पंधरा मिनिटांचे) तसंच. एकच साइट, एकच वेळप्रकार घ्या आणि दर महिन्याच्या शेवटचा आकडा असे बारा आकडे लिहून काढा. ब्लिट्झमध्ये एका संध्याकाळीत ५०-६० गुण वरखाली होतात, त्यातून खेळाबद्दल काहीच कळत नाही.

जुने आकडे पाहताना एक गोष्ट लक्षात ठेवा. १ मार्च २०२४ ला फिडेने २००० च्या खालच्या क्लासिकल (लांब वेळेच्या डावांच्या) रेटिंगना एकदाच वाढ दिली, २००० पर्यंतच्या फरकाच्या ४० टक्के. १५०० चे थेट १७०० झाले, आणि यादीतला किमान आकडा १००० वरून १४०० वर गेला. त्यामुळे फेब्रुवारी २०२४ चा १५०० आणि मार्चचा १७०० हा एकच खेळ आहे.

आता संकल्पाचं गणित. प्रौढ खेळाडूचे ३० रेटेड डाव झाले की क्लासिकलमध्ये के-फॅक्टर (अपेक्षेपेक्षा एक गुण जास्त-कमी झाला की रेटिंग किती हलतं तो आकडा) २० असतो. तुमच्याच ताकदीच्या नऊ जणांविरुद्ध साडेपाच गुण केले, तर अपेक्षेपेक्षा (साडेचारपेक्षा) एक गुण जास्त. त्याचे रेटिंग गुण २०. बस. अशा पाच स्पर्धा चांगल्या गेल्या तर वर्षाला १०० गुण. वर्षातून तीन स्पर्धा खेळणाऱ्याने २०० गुणांचा संकल्प केला, तर त्याचा खेळ सुधारूनही संकल्प मोडणार, कारण चूक संकल्पातच आहे. समोरच्या बारा वर्षांच्या मुलाचा के-फॅक्टर ४० असतो (१८ पूर्ण होईल त्या वर्षाअखेरपर्यंत आणि २३०० च्या आत), म्हणून तो त्याच निकालांवर दुप्पट वेगाने चढतो. त्याच्याशी स्पर्धा लावून मनस्ताप करून घेऊ नका.

आकडे खरंच सपाट असतील तर पुढे चला. वर्षाला ६०-८० गुण वाढत असतील तर बिघाड नाही. इथेच थांबा.

२. कुठले डाव खेळता? (खर्च शून्य, त्रास भरपूर)

गेल्या महिन्यातल्या डावांची यादी उघडा. ३ मिनिटांचे किती, १० चे किती, १५ मिनिटं अधिक दर चालीला १० सेकंदांचे (१५+१०) किती? पाचातले चार डाव ब्लिट्झ असतील तर दोष इथेच असू शकतो. तीन मिनिटांत माणूस विचार करत नाही, आधी येत असलेलंच वाजवतो. चुकीची सवय दिवसाला तीस वेळा वाजवली की ती पक्की होते.

चार आठवडे ब्लिट्झ पूर्ण बंद. त्याऐवजी १५+१० चे डाव, आठवड्याला चार-पाच. चाळीस चालींच्या डावात प्रत्येकाला जवळजवळ २२ मिनिटं मिळतात, म्हणजे एक डाव पाऊण तासाचा. शिवाय आठवड्यात एक डाव तरी तासाभराचा हवा. लागोपाठ दोन हरलात की उठायचं. हा नियम सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जास्त मोडला जाणारा. तिसरा डाव हरलेले गुण परत आणण्यासाठी खेळला जातो, आणि त्यात निवांत विचार होत नाही.

फोनवर खेळत असाल तर लॅपटॉपवर या. फोनवर बोट विचारापेक्षा लवकर पोचतं. चाळिशी ओलांडली असेल तर चष्म्याचा नंबरही एकदा तपासून घ्या. वाचायच्या चष्म्यातून जवळचं स्पष्ट दिसतं, पण पटाची पलीकडची रांग धूसर राहू शकते.

३. हरलेल्या डावांची वही (दोन रविवार)

ही मुख्य तपासणी. बाकी सगळ्यांचा क्रम हिच्यावर ठरतो, म्हणून ही गाळून पुढे जाऊ नका. शेवटचे २० हरलेले डाव काढा, ब्लिट्झ सोडून. प्रत्येक डाव आधी इंजिनाशिवाय (चाली तपासणाऱ्या संगणकाशिवाय) चालवा आणि डाव कुठे फिरला असं तुम्हाला वाटतं ती चाल लिहा. मग इंजिन लावा. मूल्यांकन पहिल्यांदा दीड-दोन प्याद्यांइतकं घसरलं ती चाल शोधा. सगळ्यांत मोठी घसरण शोधू नका, ती बहुतेकदा डाव गेल्यानंतरची पडझड असते.

प्रत्येक डावाला एक ओळ. उदाहरणार्थ (बी७, ए८ ही पटावरच्या घरांची नावं): "डाव ७, काळे, चाल २३, शिल्लक ९ मि. ४० से., बी७ चा उंट हलवला, ए८ चा हत्ती जी२ च्या उंटासमोर उघडा. कारण: उंट काय अडवून बसला होता ते पाहिलं नाही." घड्याळातला शिल्लक वेळ लिहायला विसरू नका, अर्धं निदान तिथे असतं.

मग कारणं सहा खणांत टाका: एका चालीत फुकट गेलेला मोहरा, दोन-तीन चालींची टॅक्टिक, ओपनिंगमधला गोंधळ, काय करावं ते न सुचणं, एंडगेम (थोडेच मोहरे उरल्यावरचा शेवटचा टप्पा) आणि वेळ संपणं. ०.४ किंवा ०.७ प्याद्याची घसरण सोडून द्या. त्या पातळीच्या चुका १८०० च्या पुढे त्रास देतात.

इथे तीन गोष्टी हमखास चुकतात. पहिली, लोक "ॲक्युरसी ८५ टक्के" (चाली किती अचूक होत्या त्याचा आकडा) पाहून खूश होतात. चाळीसपैकी एकोणचाळीस चाली उत्तम आणि एका चालीत वजीर दिला तरी टक्केवारी छान दिसू शकते, डाव मात्र गेलेला असतो. दुसरी, इंजिनाची चाल पाहून "हो, बरोबर" म्हणत पुढे जाणं. ती चाल मला का दिसली नाही, याचं उत्तर लिहिल्याशिवाय ओळ पूर्ण होत नाही. तिसरी, सातव्या चालीला पाठांतर संपलं म्हणून पराभव ओपनिंगच्या नावावर मांडणं, जेव्हा विसाव्या चालीपर्यंत परिस्थिती समसमान होती.

१५०० च्या आत पहिले दोन खण मिळून बहुतेक वही भरते. नव्या वर्षाचा संकल्प लिहायचा तो या वहीवरून. "१८०० गाठणार" हा आकडा समोरचा कसा खेळतो यावरही अवलंबून असतो. "४० लांब डाव आणि ४० डावांचं लेखी विश्लेषण" हे पूर्ण आपल्या हातात. वर्षाचे आठवडे ५२ असले तरी ४० च म्हटलं आहे, कारण परीक्षा, गणपती, दिवाळी, लग्नसराई आणि ऑफिसचा मार्च सगळ्यांनाच असतो. ५२ चा संकल्प पहिल्या हुकलेल्या आठवड्यातच मोडतो आणि मग सगळाच सुटतो.

४. फुकट जाणारे मोहरे

पहिला खण भरलेला असेल तर ज्ञान कमी नाही, तपासणी कमी पडते आहे. वहीतला वेळ बघा. १५ मिनिटांच्या डावात ८ मिनिटं शिल्लक असताना मोहरा गेला असेल तर "वेळच नव्हता" हे कारण चालत नाही.

उपाय रटाळ आहे. प्रतिस्पर्ध्याने चाल केली की पहिला प्रश्न: या मोहऱ्याने काय सोडलं आणि काय नव्याने धरलं? दुसरा: त्याच्याकडे आता कुठले शह, कुठली मारामारी, कुठली धमकी? मग आपली चाल ठरवायची. ठरली की हात मांडीखाली ठेवून पाच सेकंद तोच दुसरा प्रश्न, या वेळी आपली चाल झाली आहे असं धरून. लोक पहिली फेरी करतात आणि ही दुसरी गाळतात, आणि मोहरे दुसरीतच जातात.

वहीत पॅटर्नही शोधा. डोळा ठरावीक जागीच चुकतो: मागे येणारी वजिराची चाल, लांब कर्णावर कोपऱ्यात बसलेला उंट, पिन झालेला (हलला तर मागचा मोठा मोहरा उघडा पडेल असा) मोहरा राखतो आहे असं धरणं, मारामारीनंतर रिकामं झालेलं घर, आणि घोड्याची दोन उड्यांवरची फोर्क (एकाच वेळी दोन मोहऱ्यांवर हल्ला). तुमचा एखादा पॅटर्न तीनदा सापडला तर तो कागदावर लिहून स्क्रीनशेजारी चिकटवा. चार आठवड्यांनी नव्या दहा डावांची वही करा. फुकट गेलेले मोहरे निम्म्यावर आले नसतील तर तपासणी २ कडे परत जा. बहुधा ब्लिट्झ गुपचूप सुरू झालेलं असतं.

५. पझल सोडवता, की ठोकून बघता?

पझलमध्ये काहीतरी आहे हे आधीच सांगितलेलं असतं. डावात ते कुणी सांगत नाही. शिवाय पहिली आकर्षक चाल खेळून बघायची, चुकली तर पुढचं, ही सवय लागली की पझलचा आकडा फुगतो आणि डाव तिथेच राहतो.

दिवसाला २० मिनिटं पुरेत. पूर्ण ओळ, समोरच्याच्या सर्वांत चिवट उत्तरासह, मनात किंवा कागदावर ठरल्याशिवाय पहिली चाल खेळायची नाही. दहातली आठ-नऊ बरोबर येतील अशी पातळी ठेवा. निम्मी चुकत असतील तर ती अवघड आहेत आणि तुम्ही अंदाज बांधता आहात. विषयवार संच (आज फक्त पिन) सुरुवातीला ठीक, नंतर मिश्रच हवेत, कारण डावात विषय आधी कळत नाही. दोन-अडीचशे सोप्या पझलचा एक संच तीनदा फिरवणं हे रोज नव्या अवघड पझलशी झगडण्यापेक्षा फळतं. डोळ्याला आकार ओळखायचे असतात आणि ओळख पुन्हा पुन्हा पाहून होते. दुसरा खण भरलेल्यांनी इथे सहा आठवडे द्यावेत.

६. ओपनिंग

वहीत तिसऱ्या खणात २० पैकी चारपेक्षा कमी डाव असतील तर हा भाग सोडून द्या. खरंच.

असतील तर पांढऱ्याने एक ओपनिंग, काळ्याने ई४ या पहिल्या चालीविरुद्ध एक आणि डी४ विरुद्ध एक, एवढंच ठेवा आणि वर्षभर बदलू नका. कोर्स पाठ करण्याऐवजी प्रत्येक डावानंतर मुख्य मार्ग सोडला ती पहिली चाल शोधा, तिथे काय खेळायला हवं होतं आणि का, एवढी एक ओळ लिहा. चाळीस डावांनंतर तुमच्या विरुद्ध खरोखर येणाऱ्या ओळींची स्वतःची फाइल तयार होते.

"का" न लिहिता पाठ केलं की काय होतं ते इटालियन नावाच्या ओपनिंगमध्ये रोज दिसतं (× म्हणजे मारणं). १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट सी४ घोडा एफ६ ४. घोडा जी५ डी५ ५. ई×डी५. आता प्यादं घोड्याने परत मारावं असं काळ्याचा हात सांगतो. मारलं की ६. घोडा×एफ७ येतं, राजा मारतो, वजीर एफ३ चा शह बसतो आणि डी५ चा घोडा वाचवायला राजाला ई६ वर उघड्यावर यावं लागतं. म्हणून काळ्याने ५... घोडा ए५, सी४ च्या उंटावर हल्ला. एक प्यादं जातं, पण बदल्यात काळ्याचे मोहरे झपाट्याने बाहेर येतात. हे कारण माहीत असलेला समोरच्याने वेगळी चाल खेळली तरी गोंधळत नाही.

७. एंडगेम

जिंकत आलेले डाव सुटत असतील तर दोष इथे. हा भाग कंटाळवाणा म्हणून सगळे टाळतात, पण इथे शिकलेलं दहा वर्षांनीही जुनं होत नाही. ओपनिंगच्या फॅशनी दर वर्षी बदलतात.

किमान यादी, याच क्रमाने. वजीर-राजा विरुद्ध राजा आणि हत्ती-राजा विरुद्ध राजा, दोन्ही एका मिनिटाच्या घड्याळात मात करता आली पाहिजे. पहिल्यात स्टेलमेट (शह नसताना चालच न उरल्याने बरोबरी) होतो तो वजीर राजाच्या जवळ नेण्याच्या घाईने. मग प्याद्याचा चौकोन: राजा धावत्या प्याद्याला गाठेल का, हे न मोजता दिसलं पाहिजे. मग ऑपोझिशन (दोन राजे मधे एक घर सोडून समोरासमोर). पांढरा राजा ई५, प्यादं ई४, काळा राजा ई७: खेळी पांढऱ्याची असेल तर बरोबरी, काळ्याची असेल तर पांढरा जिंकतो. तेच सगळं एक घर पुढे सरकवा, राजा ई६, प्यादं ई५, काळा राजा ई८: आता खेळी कुणाचीही असो, पांढरा जिंकतो. दोन्ही स्थिती पटावर मांडून संगणकाविरुद्ध दहा-दहा वेळा खेळा. वाचून हे येत नाही.

त्यानंतर हत्ती आणि प्याद्याच्या दोन स्थिती. फिलिडोर नावाच्या बचावाच्या स्थितीत बचाव करणाऱ्याचा हत्ती आपल्या बाजूने तिसऱ्या रांगेत उभा राहतो आणि समोरचं प्यादं त्या रांगेत आलं की पटाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन मागून शह देतो. प्यादं येण्याआधीच हत्ती रांग सोडतो, ही नेहमीची चूक. लुसेना नावाच्या जिंकायच्या स्थितीत जिंकणारा आपला हत्ती चौथ्या रांगेत आणून शहांसमोर पूल बांधतो.

राजा-प्याद्यांचं एंडगेम मोजल्याशिवाय हत्ती किंवा शेवटचे मोहरे बदलायचे नाहीत, हा नियम कुणालाच सुटलेला नाही. सिंगापूरला १२ डिसेंबर २०२४ रोजी विश्वविजेतेपदाच्या लढतीच्या चौदाव्या डावात तेव्हाच्या विश्वविजेत्या डिंग लिरेनने एका प्याद्याने मागे असूनही बरोबरी धरलेली होती. ५५ व्या चालीला त्याने हत्ती एफ२ वर ठेवला. हत्ती बदलले गेले, मग कोपऱ्यात अडकलेला उंटही बदलावा लागला आणि उरलेलं राजा-प्याद्यांचं एंडगेम आव्हानवीर गुकेशने जिंकलं. तीन चालींत विश्वविजेतेपद गेलं.

८. घरी खेळ बरा, स्पर्धेत घसरतो

फक्त स्क्रीनवर खेळणाऱ्याचा डोळा सपाट पटाला सरावलेला असतो. स्पर्धेआधी दोन आठवडे विश्लेषण आणि पझल खऱ्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या पटावर मांडून करा. कागदावर चाली लिहिण्याचाही सराव हवा. ९० मिनिटं अधिक ३० सेकंदांच्या डावात शेवटपर्यंत लिहावं लागतं.

नियमांनी जाणारे गुण वेगळेच. हात लावला तो मोहरा खेळावा लागतो. कॅसलिंगला (राजा आणि हत्तीच्या एकत्र चालीला) आधी राजाला हात, तोही एकाच हाताने. हत्तीला आधी हात लागला तर त्या बाजूचं कॅसलिंग त्या खेळीला करता येत नाही. क्लासिकलमध्ये पहिल्या बेकायदा चालीला समोरच्याला दोन मिनिटं मिळतात, दुसऱ्या बेकायदा चालीला डाव जातो. आपल्या चालीने तीच स्थिती तिसऱ्यांदा येणार असेल आणि बरोबरी मागायची असेल तर चाल कागदावर लिहायची, पटावर खेळायची नाही, आणि पंचांना बोलवायचं. खेळून मग मागितली तर हक्क गेला. मोबाइलबद्दल आयोजकांना आधीच विचारा. परवानगीशिवाय जवळ सापडला तर डाव जाऊ शकतो.

दिवसाला दोन फेऱ्या असतील तर मधल्या वेळेत पोटभर थाळी नको. दुसऱ्या फेरीत तिसऱ्या तासाला डोळे मिटायला लागतात.

९. इथे थांबा आणि प्रशिक्षकाकडे जा

तीन महिने वही ठेवूनही खणांचं प्रमाण तसंच आहे, किंवा फुकट जाणारे मोहरे थांबले तरी पराभव तेवढेच आहेत, तर स्वतःची दुरुस्ती थांबवा. चौथा खण, म्हणजे मधल्या डावात काय करावं ते न सुचणं, इंजिनाने भरून निघत नाही. इंजिन चाल सांगतं, ती माणसाला कशी सुचावी हे सांगत नाही. त्याला माणूसच लागतो. लहान मुलांच्या बाबतीत तर इतकी वाटही पाहू नका. पालकांनी इंजिन लावून मुलाच्या चुका दाखवण्यात खेळापेक्षा घरातलं नातंच जास्त बिघडतं.

जाताना २० डावांची फाइल आणि वही घेऊन जा. चांगला प्रशिक्षक आधी तुमचे हरलेले डाव मागतो. पहिल्याच तासाला डाव न पाहता ओपनिंगचा संच पुढे करणाऱ्याकडे दुसरा तास लावू नका. आठवड्याला दोन तासांपेक्षा पंधरा दिवसांनी एक तास आणि मधे दिलेलं काम पूर्ण, हे स्वस्तही पडतं आणि उपयोगीही. पदवी मोठी म्हणून १४०० च्या खेळाडूने ग्रँडमास्टरच हवा असं काही नाही. १९००-२००० चा पण शिकवण्यात मुरलेला माणूस तुमच्या चुका जास्त नीट ओळखतो, तो त्या नुकत्याच करून सुटलेला असतो.

काही बिघाड प्रशिक्षकाच्याही हातातले नाहीत. रात्री बंद करायचं ठरवूनही ॲप बंद होत नाही, झोप आणि काम बिघडतं आहे, किंवा मुलाला प्रत्येक फेरीआधी उलटी होते, पोटात दुखतं, हरल्यावर तो तासन् तास बोलत नाही, तर रेटिंगचा विषय बाजूला ठेवून डॉक्टर किंवा समुपदेशकाला भेटा आणि तोवर पुढच्या स्पर्धेची नोंदणी करू नका.